उस्तादांसमोरची खुर्ची

हकीम म्हटलं की माणूस आधी आजूबाजूला बघतो, मग खुर्ची पुढं ओढतो आणि आवाज खाली आणतो. हे मी इतक्यांदा पाहिलंय की गिऱ्हाईक दारात चप्पल कशी काढतं त्यावरूनच मला कळायचं, हा खोकल्यासाठी आलाय की 'त्या'साठी. तहसील कचेरीतले एक साहेब दर थंडीत माझ्याकडं यायचे आणि दर वेळी एका आजारी मित्रासाठी औषध न्यायचे. मित्राला काय होतंय ते अगदी तपशीलवार सांगायचे. मी पथ्य सांगितलं की तोंड बारीक करून विचारायचे, "वांग्याची भाजी तर मला लई आवडते हो, ती तरी चालेल का?" मी म्हणायचो, तुम्हाला चालेल, मित्राला नाही. बिचारे मान हलवत जायचे.

दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, हकीमसाहेब, असलेच किस्से लिहा, लोकांना मजा येते. लिहितो की. किस्से माझ्याकडं खंडीभर आहेत. पण एक किस्सा असा आहे की तो मी कधी सांगत नाही, दुसरेच सांगतात, तेही माझ्या तोंडावर, माझं कौतुक म्हणून. मागं एका लग्नात एका भल्या माणसानं भर पंगतीत तो सांगितला. लोक वा वा म्हणाले. मी ताटावरनं मान वर केली नाही. घरी आल्यावर बायको म्हणाली, तुमचं कौतुक चाललं होतं आणि तुम्ही चेहरा असा काय केला होता? म्हणून या वेळी तो किस्सा मीच लिहितो, जसा झाला तसा.

आधी आमचा धंदा काय ते सांगतो, कारण आता पुंडलिकनगरात मुलाच्या घरी राहतो तर शेजारच्यांना हकीम म्हणजे गावोगाव तंबू ठोकणारा वाटतो. आमच्या शास्त्रात माणसाचा मिजाज बघतात. कुणाचा गरम, कुणाचा थंड, कुणाचा कोरडा, कुणाचा ओला. तो बिघडला की आजार. तो ओळखायचा नाडीवरून, तिला आम्ही नब्ज म्हणतो. मनगटावर बोटं ठेवायची आणि गप्प बसायचं. त्यात गप्प बसणं सगळ्यात अवघड. माझ्यासारख्या बडबड्याला तेवढंच शिकायला लई दिवस लागले. मग कुणाला काढा, कुणाला पाकातलं औषध, कुणाला अर्क. काही आजार आमच्यानं बरे होतात, काही होत नाहीत. होत नाहीत ते वेळेत सरकारी दवाखान्यात धाडायचे, हे ज्याला कळतं तो हकीम चांगला.

आता दौलताबादच्या पाटलाचा पोरगा हकीम कसा झाला? माझ्या वडिलांना दमा होता. हर्सूलला तळ्याच्या अंगाला हकीम वजीहुद्दीनसाहेबांचा दवाखाना होता, तिथं त्यांना उतार पडला. वडील खूश झाले आणि त्या खुशीत मलाच तिथं ठेवून आले. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूच होती, त्यामुळं भाषेची अडचण नव्हती. हकीमसाहेब झाले माझे उस्ताद आणि मी त्यांचा शागीर्द. उस्तादांना मूल नव्हतं, बीबी लवकर गेल्या होत्या. माझ्याआधी दोघे-तिघे शिकायला आले आणि खरलात औषध घोटून घोटून कंटाळून पळाले. टिकलो मी एकटा. सकाळी झाडलोट, मग कुटणं, गाळणं, मग दुपारी त्यांच्या पायाशी बसून नब्ज कशी बघतात ते बघायचं.

पायाशी म्हणजे खरंच पायाशी. ते तख्तावर, मी खाली सतरंजीवर. उस्तादांच्या बरोबरीनं बसायचं नाही, ते बोलल्याशिवाय बोलायचं नाही, ते आत आले की उठायचं आणि बाहेर जाताना त्यांना पाठ दाखवायची नाही. हे कुणी शिकवलं नाही, बघून बघून अंगात गेलं. याला अदब म्हणतात. वडिलांसमोर मी उलट बोलायचो, पण उस्तादांसमोर माझी कधी मान वर झाली नाही. पुढं त्यांनीच मला हैदराबादला शिकायला धाडलं, म्हणाले, जमाना कागदाचा येतोय, तुझ्याजवळ कागद असू दे. त्यांच्याजवळ नव्हता. त्यांना त्यांच्या उस्तादांनी डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं की आता तू लोकांना औषध दे. त्यांच्या वेळी तेवढं पुरत होतं.

पोलीस ॲक्शननंतर सगळंच बदललं. कचेरीतली उर्दू गेली. महाराष्ट्रात आल्यावर मराठी आली, आणि ती यायलाच पाहिजे होती, लोकांची भाषा तीच. पण त्यात म्हातारे हकीम पार उघडे पडले. काही हैदराबादला गेले, काही त्याहून लांब. उरले ते दबून राहू लागले. अशात आमच्या विभागासाठी आरोग्याचं एक मंडळ नेमलं गेलं. दवाखाने तपासायचे, तक्रारी ऐकायच्या आणि वैद्य-हकिमांची नोंद करायची. ज्याला मंडळाचा नंबर मिळेल त्यानंच हकीम म्हणून पाटी लावायची आणि औषध द्यायचं. नंबर नाही तर दुकान बंद. मंडळावर प्रत्येक शास्त्राचा एक प्रतिनिधी घ्यायचा होता.

तोवर मी शहरात माझा दवाखाना काढला होता. तिथंच शहागंजात एका हकिमाच्या माडीवर सगळे हकीम जमले आणि मला बोलावून घेतलं. त्यातले वडीलधारे म्हणाले, देवराव, तू जा. तुला त्यांची मराठी येते, आमची उर्दू येते, तुझ्याजवळ कागदही आहे. आणि तू पाटील आहेस, हे कुणी बोललं नाही, पण तेच सगळ्यांच्या मनात होतं. त्या दिवसांत मुसलमान हकिमाला कचेरीची पायरी चढायची धास्ती वाटायची. मी हो म्हणालो. खोटं कशाला बोलू, मला लई भारी वाटलं. नवी टोपी घेतली.

नोंदणीसाठी जी समिती बसायची तिच्यात अध्यक्ष म्हणून पुण्याकडचे एक निवृत्त सिव्हिल सर्जन होते. शिस्तीचा माणूस, पण मनात खोट नव्हती. वैद्यांतर्फे पैठणचे एक वैद्यबुवा, आरोग्य खात्याचा एक अधिकारी, आणि हकिमांतर्फे मी. ज्याच्याजवळ कागद त्याची लगेच नोंद व्हायची. ज्याच्याजवळ नाही त्यानं समितीपुढं तोंडी परीक्षा द्यायची. हकिमाला प्रश्न मी विचारायचे, उत्तर उर्दूत आलं तर मराठीत करून सांगायचं आणि माझं मत द्यायचं. बाकीचे बहुतेक माझ्या मतानं जायचे, कारण त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं.

काय काय नमुने यायचे! एकजण भरजरी अचकन घालून आला, डोळ्यांत सुरमा, हातात माळ. मी म्हटलं, आमच्या कारकुनाची नब्ज बघा. त्यानं मनगट धरलं, डोळे मिटले आणि कारकुनाला सांगितलं, तुमची बदली रद्द होणार. कारकुनाची बदली खरंच लागली होती. तो मला हळूच म्हणाला, साहेब, माणूस जाणकार दिसतो, करून टाका नोंद. दुसरा एक पहिलवान, हाड बसवणारा. अध्यक्ष त्याला समजावून सांगत होते की हे काम आमच्या नोंदणीत बसत नाही, आणि सांगता सांगता हात वर करताना कळवळले. पहिलवानानं टेबलाला वळसा घालून त्यांचा खांदाच धरला. साहेब ओरडले, शिपाई धावत आला. नोंद काही झाली नाही, पण पुढच्या बैठकीला साहेबांचा हात डोक्याच्या वर जात होता आणि त्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

पण सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. एकानं धातूचं कच्चंच राहिलेलं भस्म एका लेकराला दिलं होतं, ते लेकरू कसंबसं वाचलं. त्याला नापास करा म्हणून मीच बोललो. झालं, शहागंजातले दोघे-तिघे माझ्याशी सलाम-दुआ करीनात. म्हणाले, आम्ही याला आमचा माणूस म्हणून धाडला आणि हा आमच्याच माणसाला बुडवतो. प्रतिनिधी म्हणजे काय, हे त्यांनाही नीट माहीत नव्हतं आणि मलाही. आपल्या लोकांची बाजू मांडायची आणि आपल्याच लोकांवर नजरही ठेवायची, दोन्ही एकाच खुर्चीत बसून. ते जमवताना मी मेटाकुटीला यायचो. तरी त्या लेकराच्या बाबतीत मी केलं ते बरोबरच केलं.

आणखी एक गोष्ट मी बरोबर केली. उस्तादांसारखे म्हातारे हकीम परीक्षेला घाबरतात, कचेरीत त्यांची जीभ अडते, हे मला दिसत होतं. मी मंडळापुढं भांडलो. म्हटलं, आमच्यात विद्या कागदावर येत नाही, उस्तादाकडून शागिर्दाकडं येते. तेव्हा एखाद्याच्या हाताखाली शिकलेला नोंदणीकृत माणूस समितीपुढं उभा राहून म्हणाला की मी यांच्याकडं शिकलो, यांना काम येतं, तर तो शब्द धरायचा. अध्यक्षांनी बरेच आढेवेढे घेतले आणि शेवटी मान्य केलं. तो नियम मी करून घेतला, हे मी सगळ्यांना सांगत फिरायचो. आणि नियम मांडताना माझ्या डोळ्यांपुढं एकच माणूस होता.

मी हर्सूलला गेलो. उस्तादांना म्हटलं, अर्ज करा. ते नको नको म्हणत होते. म्हणाले, "देवा, कचेरीत मी काय बोलणार रे? नक्को." मी सतरंजीवर बसून, मान खाली घालून म्हणालो, उस्ताद, तुम्ही काही बोलू नका. तिथं मी आहे ना. ते हसले. मग अर्जावर सही केली. मी आहे ना, हे माझे शब्द. ते विसरायचा मी लई प्रयत्न केला.

परीक्षेचा दिवस आला. बाहेर व्हरांड्यात बाकावर हकीम लोक बसलेले. कारकुनानं नाव पुकारलं आणि उस्ताद आत आले. शेरवानी जुनीच, पण धुतलेली. कोपराला ठिगळ. हातात काठी. अंगाला त्यांच्या दुकानाचा वास, ज्येष्ठमधाचा आणि कापराचा. अध्यक्षांनी चष्मा वर करून त्यांच्याकडं पाहिलं. अधिकारी किंचित हसला, निदान मला तसं वाटलं. उस्ताद खोलीच्या मधोमध उभे राहिले, आणि मी टेबलामागं खुर्चीत.

यातलं काहीच मी आधी मनात आणलं नव्हतं. ते उभे आणि मी खुर्चीत, हे दृश्य मला कधी सुचलंच नव्हतं. माझे पाय आपोआप उठले. अध्यक्ष म्हणाले, बसा ना, प्रश्न विचारा. उस्तादांना मी प्रश्न विचारू? त्यांना मी पास म्हणू की नापास म्हणू? मी हळूच अध्यक्षांना म्हणालो, "या उमेदवाराची परीक्षा मला घेता येणार नाही." तेवढंच. का, ते सांगितलं नाही. खाली मान घालून, पाठ न दाखवता मागं मागं सरकत मी दाराबाहेर गेलो. उस्तादांच्या तोंडाकडं पाहिलं नाही. शागिर्दानं पाहायचं नसतं.

बाहेर बाकावरच्या हकिमांनी मला मागं सरकत येताना पाहिलं आणि त्यांना लगेच उमगलं. एकजण म्हणाला, "वाह देवराव, इसको बोलते अदब." ज्यांनी माझ्याशी सलाम-दुआ सोडली होती त्यांनीही माझे हात हातात घेतले. मी खांबाला टेकून उभा राहिलो, आणि लाज वाटते सांगायला, त्या वेळी माझी छाती फुगली होती. मला वाटत होतं, आज मी मोठं काहीतरी केलं. आत काय चाललंय याचा मी विचारही केला नाही. मला वाटलं, मी नसलो तरी नियम आहे, माझा शब्द कुठं पळून जातोय.

आत काय झालं ते वैद्यबुवांनी मला नंतर सांगितलं. अध्यक्षांनी विचारलं, शिक्षण कुठं झालं? उस्तादांनी आपल्या उस्तादांचं नाव सांगितलं. कागद? नाही. मग अधिकाऱ्यानं आजारांबद्दल काही विचारलं, सरकारी भाषेत. उस्तादांना ते नीट कळलं नाही, त्यांनी दोन शब्द बोलून सोडून दिलं. ते समजून घेऊन पुन्हा सोपं करून विचारायला खोलीत कुणी नव्हतं. वैद्यबुवांना दया आली. त्यांना तो शागिर्दाचा नियम आठवला. त्यांनी विचारलं, हकीमजी, तुमच्या हाताखाली शिकलेला कुणी आमच्या नोंदीत आहे का? फक्त नाव सांगा, आम्ही त्याला बोलावून घेतो.

वैद्यबुवा म्हणाले, उस्तादांनी जरा वेळ माझ्या रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं. मग म्हणाले, "मेरा कोई शागीर्द नहीं है, साहब."

ते तसं लिहून घेतलं गेलं, नोंद होणार नाही असं सांगून त्याखाली उस्तादांची सही घेतली, आणि पुढचं नाव पुकारलं.

उस्ताद बाहेर आले तेव्हा मी पुन्हा मान खाली घालून उभा होतो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, जीते रहो म्हणाले आणि काठी टेकत टांग्याकडं गेले. मला वाटलं, झालं काम. दुपारी चहाच्या वेळी वैद्यबुवांनी मला गाठलं आणि विचारलं, अहो, त्या म्हाताऱ्याशी तुमचं काय वाकडं आहे? मी म्हणालो, वाकडं कसलं, ते माझे उस्ताद. वैद्यबुवांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी मला सगळं सांगितलं.

मी धावत अध्यक्षांकडं गेलो. म्हटलं, साहेब, ते खोटं बोलले, मी त्यांचा शागीर्द आहे, माझा शब्द धरा. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी माझं कौतुक केलं. म्हणाले, गुरूसमोर खुर्चीत न बसणारा माणूस आजकाल बघायला मिळत नाही. मग म्हणाले, "पण हकीमसाहेब, हे तुम्ही आत का नाही बोललात? तुमची खुर्ची त्यासाठीच तर होती." त्यांनी सहीचा कागद दाखवला. उमेदवार स्वतःच म्हणतो की शागीर्द नाही. आता त्यानं नवा अर्ज करावा आणि शागिर्दाचं नाव द्यावं, पुढच्या बैठकीत मी स्वतः लक्ष घालतो, म्हणाले. माणूस सरळ होता. त्याच्यावर राग काढायलाही मला जागा नव्हती.

दुसऱ्याच दिवशी मी हर्सूल गाठलं. दारावरची पाटी निघालेली होती. नंबर नसलेले कितीतरी जण त्या काळात गुपचूप औषधं देत होते, कुणी विचारायला येत नव्हतं. पण उस्तादांनी सरकारचा शब्द म्हणून पाटी स्वतःच्या हातानं उतरवली होती. दारात एक म्हातारी खोकत बसली होती आणि ते तिला समजावत होते की आता इथं औषध मिळत नाही. तिला काही पटेना. ती म्हणाली, "आसं कसं? परवा तर देत व्हते की." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी पाय धरले. म्हटलं, नवा अर्ज लिहून आणलाय, सही करा, या वेळी मी उठणार नाही. उस्ताद म्हणाले, "जाने दे रे देवा. एकदा हो गया, अब नक्को. थकलो मी." मी रडलो, हट्ट केला, रागावलोसुद्धा. त्यांनी ऐकलं नाही. म्हणाले, माझी पाटी गेली तर गेली, तुझी आहे ना. मग त्या म्हातारीला बोलावलं आणि माझ्याकडं बोट करून सांगितलं, हा माझा शागीर्द, शहरात दवाखाना आहे, आता याच्याकडं जात जा.

आणि मग ते सुरू झालं. हर्सूल आणि आसपासच्या वाड्यांवरची माणसं माझ्या दारात येऊ लागली. बैलगाडीतनं, पायी, कुणी आजारी माणसाला पाठुंगळी घेऊन. प्रत्येकाचं पहिलं वाक्य एकच: "हकीमसाबनी धाडलंय. म्हनले, माझा शागीर्द हाय, लई शिकलेला हाय, त्याचा हात माझ्यापरीस चांगला." समितीपुढं जो शब्द त्यांनी गिळला तो आता ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. माझा दवाखाना भरू लागला. माझं नाव झालं. लोक म्हणायचे, देवराव हकिमाच्या हाताला गुण आहे. त्यातली निम्मी माणसं उस्तादांची होती, आणि त्यांना तो गुण आधी उस्तादांच्या दारात, हर्सूलमध्येच, पायपीट न करता मिळत होता. पावसाळ्यात काही जण माझ्यापर्यंत पोचूच शकायचे नाहीत. कोण पोचलं नाही आणि त्याचं काय झालं, हे मला कधी कळलं नाही. त्याचा विचार अजून येतो.

इकडं किस्सा पसरत होता. अध्यक्ष दुसऱ्या गावच्या बैठकीत तो सांगायचे. शहागंजातले हकीम आपल्या पोरांना सांगायचे, शागीर्द असावा तर असा. मंडळावर मला पुन्हा घेतलं. कुणीच विचारलं नाही की त्या उस्तादाचं पुढं काय झालं. मीही सांगितलं नाही. आधी वाटायचं, सांगावं. मग वाटायचं, एवढ्या लोकांच्या तोंडावर कसं सांगायचं. असं करता करता कौतुक मुरत गेलं. पुढच्या बैठकांत मात्र मी एक केलं. कोणीही आत येवो, मित्र, शत्रू, नातलग, मी खुर्ची सोडली नाही आणि ज्याच्याबद्दल जे माहीत ते सगळ्यांसमोर बोललो. शहागंजातले म्हणू लागले, देवराव आता फार कडक झालाय. त्यांना कारण माहीत नव्हतं.

उस्तादांकडं मी जात राहिलो. दर शुक्रवारी नमाजानंतर, दुपारचा. ते औषध देत नव्हते, पण सवय गेली नव्हती. समोर बसलेल्याचं मनगट हातात घेऊनच ते बोलायचे. पोस्टमन आला तरी त्याची नब्ज बघत पत्र घ्यायचे. त्या परीक्षेचा विषय त्यांनी कधी काढला नाही, मीही नाही. मला वाटायचं, ते विसरले असतील. माणूस स्वतःची समजूत घालायला किती हुशार असतो!

त्यांच्या शेवटच्या थंडीत ते अंथरुणालाच होते. मी खाली सतरंजीवर बसलो होतो. त्यांनी हात खाली सोडला, माझं मनगट धरलं आणि म्हणाले, वर बस. मी कसाबसा तख्ताच्या कडेला टेकलो. आयुष्यात पहिल्यांदा. माझं मनगट त्यांच्या हातातच होतं. मग म्हणाले, "देवा, एक बात पूछता हूँ, बुरा मत मान. त्या दिवशी तू उठलास ना, तवा मला वाटलं, पोराला माझी शरम आली. एवढे मोठे डॉक्टर लोक, आणि याचा उस्ताद असा, फटी शेरवानीवाला. म्हणून मी म्हणालो, कोई शागीर्द नहीं. तुझी इज्जत ऱ्हावी म्हणून." मग विचारलं, "खरं होतं का रे ते? शरम वाटली होती तुला?"

इतकी वर्षं मी लोकांकडनं ऐकत होतो की तो अदब होता. मीही तेच धरून बसलो होतो. अदब होताच, त्यात खोटं नाही. पण ते दारातनं आत आले तेव्हा मी आधी काय पाहिलं? कोपराचं ठिगळ पाहिलं. तो अधिकारी हसला का, ते पाहिलं. औषधांचा वास टेबलापर्यंत पोचला का, हे माझ्या मनात आलं. ते एवढं झाल्यावर माझे पाय उठले. कोणत्या गोष्टीनं उठले, हे मला तेव्हा कळलं नव्हतं आणि त्या क्षणी, त्यांनी विचारल्याबरोबर, कळलं.

"नाही उस्ताद," मी म्हणालो. "शरम कसली? अदब म्हणून उठलो."

त्यांची बोटं माझ्या नब्जेवर होती. त्यांनी ती लगेच उचलली नाहीत. डोळे मिटून ऐकत राहिले. मग त्यांनी माझ्या सदऱ्याची वर सरकलेली बाही हळूच खाली ओढली, मनगट झाकलं, आणि विचारलं, "दौलताबादेत सीताफळं कशी आली यंदा?"

मी म्हणालो, चांगली आली.

जे समजलं ते रुग्णाला सांगायचं नसलं की उस्ताद असंच पिकापाण्याचं विचारायचे.